आईवर रुसलेलं लेकरू जातं कुठं?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सिस्टर, सलाम. उद्यमनगरात माझं छोटं मशीनशॉप आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही बोअर करून देतो. दिवसभर हातात मायक्रोमीटर. दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, इकडंतिकडं झालं की जॉब रिजेक्ट. घरात ख्रिस्ती होऊन माझी तिसरी पिढी. रविवार चुकवत नाही. पण घरोघरच्या प्रार्थनेत लोक साक्ष देतात, ‘प्रभूनं मला कुशीत घेतलं’ म्हणून डोळे पुसतात, तेव्हा मी सतरंजीकडं बघत बसतो. मला असं कधीच काही झालेलं नाही. गेल्या वर्षी मिसेसचं ऑपरेशन झालं तेव्हाही नाही. त्या वेळी मंडळीतल्या बायकांनी घरी डबे पोचवले. मी एकही डबा रिकामा परत केला नाही, कुणाचा कधी आला ते वहीत लिहून ठेवलं होतं. पाळकसाहेब म्हणतात, ‘लेकरासारखा विश्वास ठेवा, फार विचार करू नका.’ मला विचार थांबवता येत नाही. त्यात वडील फार कडक होते, पाठीवरून हात फिरवल्याचं आठवत नाही. त्यामुळं ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना मी जरा सावरूनच बसतो. माझा विश्वास खोटा आहे का?
– एक कारखानदार, उद्यमनगर

उत्तर : दादा, सलाम. खोटा अजिबात नाही. तुमच्या त्या डब्यांच्या वहीबद्दल मात्र मला बोलायचंय. त्याआधी लेकरांचं बोलू, कारण माझी सगळी नोकरी मिशन दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात गेली.

लेकरू म्हटलं की आपल्या लोकांना नाताळाच्या कार्यक्रमातली पोरं आठवतात. पांढरे झगे, पाठीला पुठ्ठ्याचे पंख. मला आठवतात ती श्रावणात गगनबावड्याकडून, राधानगरीकडून यायची ती. बाहेर धो धो पाऊस, पोराची छाती भरलेली, अंग तव्यासारखं. सलाईन लावायचं तर शीर सापडायची नाही. मग आईलाच सांगायचं, ‘बाई, कोपरापाशी घट्ट धरा, काही झालं तरी सोडू नका.’ ती माउली तोंड फिरवून, रडत रडत धरायची. पोरगं किंचाळायचं, आईला लाथा मारायचं, चावायचंसुद्धा. सुई बसली, पट्टी लागली, हात सोडला, की ते कुणाकडं जायचं? माझ्याकडं नाही, डॉक्टरांकडं तर नाहीच. जिनं धरून ठेवलं होतं तिच्याच मानेत तोंड खुपसायचं, आणि तिची तक्रार तिलाच हुंदके देत सांगायचं.

त्या घडीला त्याला आईची माया जाणवत होती असं मी म्हणणार नाही. दुखत होतं आणि राग आला होता. पण राग घेऊन जायचं कुठं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. लेकराचा विश्वास मी एवढाच समजते. तुम्हाला जाणवत काही नाही, तरी रविवार चुकत नाही, आणि ज्याच्याबद्दल शंका आहे त्याच्याच घरी येऊन बसता. मला तर यात काही खोट दिसत नाही.

पाळकसाहेबांचा मान राखून सांगते, ‘विचार करू नका’ हे मला पटत नाही. लेकरं विचार करत नाहीत असं ज्याला वाटतं, त्यानं तीन वर्षांचं पोर एक दिवस सांभाळून बघावं. ‘हे का? ते का?’ करून जीव नकोसा करतात. प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला पत्रात स्पष्ट लिहिलंय, की वाईटाच्या बाबतीत तान्हं बाळ व्हा, समजुतीत मात्र प्रौढ व्हा. तुमचा मायक्रोमीटर देवाला चालतो. फक्त त्यानं साक्षी मोजू नका, ना दुसऱ्यांच्या ना स्वतःच्या. काहींना लवकर रडू येतं, काहींना येत नाही. हा स्वभावाचा भाग आहे.

मार्काच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय आज रात्री काढून सावकाश वाचा. लोक येशूकडं बालकं आणतात. लूक आपल्या शुभवर्तमानात तर सांगतो, तान्ही होती. म्हणजे चालत आलेली नव्हेत, कुणीतरी कडेवर घेऊन आलं. शिष्य दटावतात, येशूला ते खपत नाही. तो त्यांना कवेत घेतो, हात ठेवतो, आशीर्वाद देतो. आता त्या बाळांनी काय केलं ते शोधा. काही नाही! त्यांच्या तोंडी एक शब्द नाही, त्यांना काय वाटलं त्याची एक ओळ नाही. एखादं झोपलेलं असेल. एखाद्यानं परका माणूस बघून भोकाड पसरलं असेल, तेही मला नवल वाटणार नाही. जे केलं ते सगळं येशूनं केलं.

आणि लगेच पुढं कोण येतं बघा. एक श्रीमंत माणूस धावत येऊन गुडघे टेकतो. सार्वकालिक जीवन मिळायला काय करू, विचारतो. आज्ञांचं म्हणाल तर लहानपणापासून सगळ्या पाळल्यात, खातं चोख. मार्क लिहितो की येशूनं त्याच्याकडं निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. मगच म्हणाला, जे आहे ते विकून गरिबांना दे आणि माझ्यामागं ये. हा तोंड उतरवून गेला. दादा, प्रीती तर त्याच्यावरही झाली होती. बाळं रिकाम्या हातानं आली म्हणून उचलता आली. ह्याचे हात भरलेले होते.

वडिलांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून वाईट वाटलं. त्या पिढीतले पुष्कळ बाप तसेच. ‘पिता’ म्हणताना अंग आखडत असेल तर जबरदस्ती करू नका. पवित्र शास्त्रानं दुसरी दारंही ठेवली आहेत. यशयाच्या शेवटच्या अध्यायात देव म्हणतो, आई जसं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन. होशेयाच्या अकराव्यात तो लेकराला चालायला शिकवतो, हातांवर उचलून घेतो, वाकून खाऊ घालतो. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगत. त्यांनी ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली. आपल्या कोल्हापुरात तर देवाला आईच्या नात्यानं हाक मारायला कुणाला शिकवावं लागत नाही. तुम्हीही मारून बघा, देव काही रागवायचा नाही.

आता न जाणवण्याचं. आम्ही प्रॉटेस्टंट माणसं, संतांच्या वाटेला फारसं जात नाही. पण फ्रान्समधल्या लिझ्यूच्या संत तेरेझाबद्दल नर्स म्हणून मला आपुलकी आहे. १८७३ चा जन्म, पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली, १८९७ मध्ये चोविसाव्या वर्षी क्षयानं वारली. त्यावर चालणारं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. देवापुढं लहान मूल होऊन राहायचा ‘लहान मार्ग’ हिचाच. आणि हिला प्रार्थनेत चक्क झोप लागायची! तिनं त्याचा बाऊ केला नाही; लेकरू जागं असो की झोपलेलं, आईबापाला सारखंच लाडकं, असं तिचं म्हणणं. शेवटचं दीड वर्ष तर स्वर्ग आहे की नाही इथपासून तिच्या मनात अंधार होता. देवाशी बोलणं तिनं सोडलं नाही. पुढं १९९७ मध्ये कॅथोलिक चर्चनं तिला आपल्या आचार्यांत बसवलं. तेव्हा ज्याला काही जाणवत नाही त्याला लहान मार्ग बंद, असं मला कुणी सांगू नये.

आता ती वही. तुम्ही लिहिता की ऑपरेशनच्या वेळीही काही झालं नाही, आणि पुढच्याच वाक्यात लिहिता की डबे आले. दादा, ते काय होतं मग? एलीया संदेष्टा थकून, मरण मागून झाडाखाली आडवा झाला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं आणि ‘उठ, खा’ म्हणाला. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूतानं पुन्हा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाची ती प्रसिद्ध मंद वाणी नंतरची, होरेब डोंगरावरची. आधी जेवण आणि झोप. तुमच्या घरीही तेच आलं, स्टीलच्या डब्यातून, वर कापडात गुंडाळलेली भाकरी. तुम्ही ते उधारीत धरलंत आणि फेडून मोकळे झालात.

रिकामा डबा परत करू नये ही आपली रीत चांगलीच आहे, मीही पाळते. डब्यात चार लाडू घालून देण्यात प्रेम असतं. पण वहीत नोंद करून, कुणाचं राहायला नको म्हणून दिलेल्या लाडवांत दुसरंच काहीतरी असतं. उपकार नको असतो आपल्याला. लेकराला उपकार कळतच नाही, ते जेवतं आणि ताट सरकवून खेळायला पळतं.

म्हणून तुम्हाला एकच काम सांगते. पुढच्या वेळी कुणी डबा आणला, तर घासून, पुसून, रिकामा परत करा. ‘वहिनी, आमटी फक्कड होती’ एवढंच म्हणा. कोल्हापुरात हे करणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. दोन दिवस चुकल्यासारखं वाटेल, हात पेढ्यांच्या दुकानाकडं वळेल. वळू देऊ नका. आणि संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर, शटर ओढायच्या आधी, देवाला जे सांगायचं ते मोठ्यानं सांगा. तक्रार असली तरी सांगा, तीच आधी सांगा. मंडळीत साक्ष द्यायची पाळी आली तर खरं तेच बोला : ‘मला काही जाणवत नाही, तरी मी येतो.’ सतरंजीकडं बघत बसलेले तुम्ही एकटे नाही, हे त्या दिवशी कळेल. मिसेसना माझा सलाम सांगा.

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. रोज रात्री प्रार्थनेत आईबाबांसाठी, आजारी लोकांसाठी मागतो आणि शेवटी न चुकता क्रिकेटची बॅट मागतो. असलं देवाकडं मागू नये हे त्याला कसं समजावू?
– एक आजी, राजारामपुरी

उत्तर : आजीबाई, समजावू नकाच. मागू द्या. मिळाली नाही तर देवावर रुसू द्या, तेही चालतं. फक्त गुपचूप आणून ‘बघ, देवानं पाठवली’ असं सांगू नका. पोरं फार हुशार असतात, दुकानाची पिशवी ओळखतात. आजीनं आणली म्हणावं आणि रात्री त्याच्याबरोबर देवाचे आभार मानावेत. घ्याल ती रबरी चेंडूची, हलकी घ्या. तुमच्या बोळात खिडक्या फार आहेत.