नागपूरजवळ जुन्या खोक्यांपासून क्राफ्ट कागद बनवण्याची मिल टाकावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बुटीबोरीत प्लॉट आहे, सल्लागाराने रोज ५० टन क्राफ्ट, म्हणजे खोक्यांचा तपकिरी कागद, बनवणाऱ्या मिलचा रिपोर्ट करून दिलाय, त्यात ९५ टक्के उतारा (घातलेल्या रद्दीतून मिळणारा कागद) धरलाय, आणि कारखाने थर्माकोल-प्लास्टिक सोडून कागदी पॅकिंगकडे वळतायत म्हणून मागणीची काळजी नाही. मग पुढे जावं का?

मी विदर्भातल्याच मिलमध्ये आधी उत्पादनात आणि नंतर क्वालिटीत काम केलंय, त्यामुळे आतून दिसतं ते सांगतो. मागणी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही मशीनबद्दल भरपूर लिहिलंय, जुना खोका कुठून आणि कसा येणार याबद्दल एक ओळही नाही. या धंद्यातला नफा-तोटा बराचसा यार्डातच ठरतो.

आधी प्रक्रिया, कारण ती सोपी आहे. बल्लारपूरला बांबू आणि लाकूड शिजवून लिहायचा कागद बनत आला, तिथे शिजवण्याचा आणि ते केमिकल परत मिळवण्याचा केवढा तरी पसारा लागतो. तुम्हाला त्यातलं काही नको. हायड्रापल्पर म्हणजे मोठा मिक्सरच. त्यात पाणी आणि जुने खोके घालून लगदा करायचा. मग क्लीनर आणि स्क्रीनमधून वाळू, पिना, प्लास्टिक काढायचं. हेडबॉक्सला, म्हणजे जाळीवर लगदा पसरणाऱ्या पेटीला, लगदा जातो तेव्हा त्यात फायबर जेमतेम एक टक्का असतं, बाकी सगळं पाणी. या जाळीवर, म्हणजे वायरवर, पाणी गळतं, प्रेसमध्ये पिळलं जातं, उरलेलं ड्रायरच्या गरम सिलिंडरवर उडतं. मध्ये साइझ प्रेसच्या रोलरांवर कागदाला स्टार्च लावतात. मग रील म्हणजे मोठी गुंडाळी, ती कापून परत गुंडाळणारा रिवाइंडर, आणि गाडी.

आता फायबर. पाइनसारख्या झाडाचं फायबर साधारण ३ मिलिमीटर लांब, रुंद पानांच्या झाडाचं १ मिलिमीटरच्या आसपास. कागद दर वेळी वाळतो तसं फायबर ताठर होतं, पुढच्या खेपेला पाण्यात पूर्वीसारखं फुगत नाही आणि शेजारच्या फायबरला नीट धरत नाही. शिवाय दर फेरीत तुकडे पडतात. पाच-सात फेऱ्यांनंतर त्यात दम राहत नाही, असं या धंद्यात धरून चालतात. आपल्याकडचा लोकल खोका आधीच बऱ्याच फेऱ्या करून आलेला असतो. म्हणून मिलवाले अमेरिकेतला जुना खोका मागवतात, त्यात लांब फायबर शिल्लक असतं. किती लोकल आणि किती इम्पोर्टेड, या मिश्रणावर तुमचा कागद १६ बीएफचा (बर्स्ट फॅक्टर, वजनाच्या मानाने फुटण्याची ताकद) होणार की २२ चा, ते बरंचसं ठरतं.

इथे नागपूरचा भूगोल आडवा येतो. वापी, मोरबीच्या मिल बंदरापासून जवळ. तुमचा कंटेनर न्हावा शेवाला उतरून पुढे महाराष्ट्र ओलांडून येणार. आणि हा बाजार आपल्या हातात नसतो. चीनने २०२१ च्या सुरुवातीपासून रद्दीची आयात पूर्ण बंद केली, पण कागदाचे रील घेणं बंद केलं नव्हतं. त्या काळात आपल्याकडच्या मिल क्राफ्टचे रील तिकडे पाठवू लागल्या, भाव चढले आणि इथल्या खोकेवाल्यांना माल मिळेना. बीजिंगच्या एका निर्णयाने नागपूरजवळच्या हिंगण्यातल्या कोरुगेशनवाल्याची, म्हणजे खोके बनवणाऱ्याची, झोप उडते, असा हा धंदा आहे.

भूगोल उलट्या बाजूनेही कामाला येतो. वापीचा रील नागपूरला यायला आठशे किलोमीटरच्या आसपास चालतो, तेवढं भाडं तुमचं वाचतं. म्हणून नागपूर, अमरावती, रायपूर, जबलपूर या टापूतच विकायचं ठरवलं तर गणित जमू शकतं. पुण्या-मुंबईला माल टाकायचं स्वप्न बघू नका.

लोकल माल कुठून? इतवारी-गांधीबागेतली ठोक दुकानं, कळमना बाजार, मॉल, ऑनलाइन कंपन्यांची गोदामं. कबाडीवाल्याकडून तो छोट्या भंगार दुकानात जातो, तिथून गाठी बांधणाऱ्या ठोक व्यापाऱ्याकडे, आणि मग मिलला. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी उधार देतं आणि मिल ते पैसे किती दिवसांनी मोकळे करते यावर चांगला माल कोणाला मिळतो ते ठरतं. जुन्या मिलचे व्यापारी बांधलेले आहेत. नवीन माणूस भाव दोन पैसे जास्त देतो म्हणून ते तुटत नाहीत. तुटले तर आधी उरलासुरला माल तुमच्याकडे ढकलतात.

छाटणीवर पैसे वाचवू नका. टेप, थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिक लॅमिनेशन असलेले चकचकीत डबे, मेणाचे खोके, आणि सगळ्यात वाईट म्हणजे हॉटमेल्ट गम. हा गम गरम झाला की वितळून स्क्रीनमधून पार होतो आणि पुढे वायरला, ड्रायरला चिकटतो. कागदाला भोक पडतं, भोकावर ताण आला की कागद तुटतो, आणि असा ब्रेक झाला की उत्पादन थांबतं आणि कागदाचं शेपूट, म्हणजे अरुंद पट्टी, परत मशीनमधून ओढावं लागतं. यार्डात छाटणी करणाऱ्या बाया हे हाताने ओळखतात, नुसतं पुठ्ठ्याला बोट लावून सांगतात की हा डबा लॅमिनेटेड आहे. त्यांना ठेकेदाराच्या रोजीवर सोडून कोट्यवधींच्या मशीनसाठी कर्ज काढणारे मालक मी बघितले आहेत. मला ते गणित कधी कळलं नाही.

पल्परमधून निघालेलं ओलं प्लास्टिक ही वेगळीच डोकेदुखी. ते पाण्याने जड असतं, त्याला फायबर चिकटलेलं असतं, कोणी फुकट नेत नाही. सिमेंट भट्टीत जाळायला देता येतं. चंद्रपूर पट्ट्यात सिमेंट कारखाने आहेत, पण माल वाळवून, दाबून द्यावा लागतो. प्रदूषण मंडळाच्या परवानगीच्या वेळी हा प्रश्न येणारच. उत्तर तयार ठेवा.

पाण्याबद्दल तुमच्या रिपोर्टमध्ये ‘शून्य सांडपाणी’ असं लिहिलंय. होऊ शकतं. क्राफ्टला पांढरेपणा लागत नसल्याने तेच पाणी फिरवता येतं. पण जुन्या खोक्यातलं स्टार्च त्या पाण्यात विरघळतं आणि बॅक्टेरियाला मेजवानी मिळते. पाणी जितकं जास्त फिरवाल तितका आंबूस वास कागदाला येतो, पाइपात बुळबुळीत थर धरतो आणि तो सुटून कागदात आला की पुन्हा ब्रेक. यंत्राच्या सुट्या भागांच्या पॅकिंगला वास चालून जातो. खाण्याच्या वस्तूंचा खोका बनवणारा रील परत पाठवतो. फिरणारं पाणी साफ करणारी यंत्रणा नीट बसवल्याशिवाय शून्य सांडपाण्याचा हट्ट धरू नका.

वाफेवर खरा खर्च होतो. प्रेसमधून कागद ४२ टक्के सुका निघाला आणि तुम्हाला तो ९२ टक्क्यांवर न्यायचा असेल, तर एक किलो कागदामागे जवळजवळ १.२ किलो पाणी उडवावं लागतं. प्रेसला तोच कागद ४४ टक्के सुका निघाला तर हा आकडा १.१ वर येतो. म्हणजे प्रेसमधल्या दोन टक्क्यांत आठ टक्के वाफ वाचली. मशीन निवडताना वेगाच्या आकड्याकडे बघण्याआधी प्रेस सेक्शन बघा. इंधनाचं मात्र नागपूरला सुख आहे: उमरेडकडचा कोळसा जवळ, आणि भंडारा-गोंदियाच्या राइस मिलमधलं धानाचं तूस. तुसाची राख फार होते आणि ती बॉयलरच्या नळ्या घासते. हंगाम संपला की भावही चढतो, तेव्हा बॉयलर दोन्ही इंधनांवर चालणारा घ्या.

आता ‘सस्टेनेबल’ या शब्दाकडे येतो, कारण गिऱ्हाइकाकडे तुम्ही तोच घेऊन जाणार आहात. ५ प्लायचा (पाच थरांचा) जाडजूड खोका बनवला आणि रद्दीचा आहे म्हणून पर्यावरणपूरक म्हटला, याला मी फार किंमत देत नाही. १८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १८० ग्रॅम) १६ बीएफ कागद घ्या. त्याची फुटण्याची ताकद येते १६ गुणिले १८० भागिले १०००, म्हणजे २.८८ किलो दर चौरस सेंटिमीटरला. १५० जीएसएमचा २० बीएफ घेतला तर ३ किलो. कागद एक षष्ठांश कमी आणि ताकद थोडी जास्तच. जे फायबर वापरलंच नाही त्याला पाणी, वाफ, गाडी काहीच लागलं नाही. मात्र बीएफवर पूर्ण भरवसा नको. गोदामात एकावर एक रचलेले खोके दाबाने बसतात. ते सोसण्याची ताकद रिंग क्रश टेस्टमध्ये (आरसीटी) दिसते, बर्स्टमध्ये ती कळत नाही. पंप, गिअर, कास्टिंग असा जड माल भरणाऱ्यांना आरसीटीचा आकडा द्या. आयएस १३९७ हे क्राफ्टचं आणि आयएस २७७१ हे कोरुगेटेड खोक्याचं मानक, दोन्ही टेबलावर हवीत.

रंगाचंही सांगून टाकतो. बाजारात ‘गोल्डन’ क्राफ्टचा आग्रह असतो. तो सोनेरी तपकिरी रंग म्हणजे डाय. रंगाने एक बीएफसुद्धा वाढत नाही, उलट फिरणारं पाणी रंगतं आणि खर्च वाढतो. नॅचरल शेड मळकट दिसते म्हणून खरेदी अधिकारी नाक मुरडतात. ज्यांना पर्यावरणाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावायचंय, त्यांनाही गोल्डनच हवा असतो, हे विशेष.

आपल्या हवामानाचा मुद्दा बाहेरचे सल्लागार विसरतात. प्रयोगशाळेत कागद २७ अंश तापमान आणि ६५ टक्के आर्द्रतेत तपासतात. नागपूरचा मे महिना म्हणजे ४५ अंशांच्या वर आणि हवा खडखडीत कोरडी. ८ टक्के ओलाव्याने निघालेला रील गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये आणखी वाळतो, कडा वळतात, आणि खोक्याची घडी पाडताना क्रीजवर कागद फुटतो. तक्रार मिलकडे येते. जुलै-ऑगस्टमध्ये तोच खोका ओलावा पितो आणि मऊ पडतो. उन्हाळ्यात रीलला वरून आवरण घालून पाठवणं आणि पावसाळ्यात स्टार्च व साइझिंग (कागदाने पाणी कमी प्यावं म्हणून घालतात ते) सांभाळणं, हे इथे शिकूनच घ्यावं लागतं.

करांचं एवढंच: सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर क्राफ्ट कागदावर १८ टक्के आणि कोरुगेटेड खोक्यावर ५ टक्के जीएसटी आहे. गिऱ्हाईक कागदावर १८ भरणार आणि खोक्यावर ५ च वसूल करणार, म्हणून त्याचे पैसे परताव्यात अडकणार, मग तो तुमच्याकडे उधारी लांबवणार. खेळत्या भांडवलात हे धरा.

माझं मत विचाराल तर ५० टन या आकाराला मी हात घालणार नाही. बॉयलर, पाण्याची यंत्रणा, लॅब हा खर्च १०० टनांच्या मिलइतका नसला तरी त्याच्या निम्म्यावर काही येत नाही. त्याऐवजी त्याच प्लॉटवर आधी कागदाचे अँगल बोर्ड (मालाच्या कडा सांभाळणारे कोन), ट्यूब किंवा हनीकोंबचं (पोळ्यासारख्या पोकळ पुठ्ठ्याचं) युनिट टाका. रील बाहेरून घ्या. लाकडी पेटी आणि थर्माकोलच्या जागी हेच जातं, गिऱ्हाईक तेच कारखाने, आणि कोणत्या मिलचा कागद पावसात टिकतो हे तुम्हाला दुसऱ्याच्या खर्चाने कळतं.

तरीही मिलच टाकायची असेल तर एखादी चालू मिल ऑगस्टमध्ये बघायला जा, उन्हाळ्यात नको. गाठी भिजलेल्या असतात, व्यापारी वजन पाण्यासकट लावतो, आणि गेटवरचा माणूस ओलाव्याची कपात किती करतो यावरून मालक कसा आहे ते कळतं. आणि रिपोर्टमधला तो ९५ टक्के उतारा खोडा. ओलावा, प्लास्टिक, पिना, वाळू धरून लोकल मालात १० ते १५ टक्के घट सहज जाते. ८६ टक्के धरून बघा: रोजच्या ५० टन कागदाला ५२.६ ऐवजी ५८ टन माल लागेल. तो रोजचा साडेपाच टन जादा माल आजच्या भावाने लावा आणि मग बँकेचा हप्ता निघतो का ते सांगा.