नाव जुळलं, पण नातं?

प्रश्न : सूनबाई अमेरिकन. १६२० साली इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्यांच्या ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेला जॉन हाउलँड हा आपला मूळपुरुष, असं तिच्या माहेरी सांगतात. नातवासाठी वंशावळ करायला घेतलीय. हाउलँडपासून खाली येऊ का? – पुणे

उत्तर : उलट करा, नातवापासून वर चढा. हाउलँडची दहाही मुलं जगली-वाढली, त्यामुळे त्याच्या झाडाच्या कुठल्यातरी फांदीला लटकणं सोपं आहे. प्रत्येक पिढीला ‘हा अमक्याचाच मुलगा’ असं सांगणारा एक तरी कागद हवा. मागे मागे जाताना अमेरिकेची जनगणना १८५० पर्यंतच नीट साथ देते. पहिली १७९० ची, पण १८४० पर्यंत तिच्यात नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकी घर नुसत्या आकड्यांत. त्याच्या मागे जायचं तर मृत्युपत्रं, जमिनीची खतं आणि चर्चच्या वह्या.

प्रश्न : हाउलँडची बायको एलिझाबेथ आमच्याकडच्या जुन्या पुस्तकात त्या वसाहतीचा पहिला गव्हर्नर कार्व्हर याच्या घरची लेक आहे, दुसरीकडे जॉन टिलीची. खरं काय? – न्यू जर्सी

उत्तर : टिलीची. हाउलँड आला तो कार्व्हरचा नोकर म्हणून. पहिल्याच हिवाळ्यात जवळजवळ निम्मी माणसं गेली, त्यांत एलिझाबेथचे आईवडीलही. पोरकी पोर बहुधा कार्व्हरकडेच राहिली, आणि एका छपराखालच्यांना पुढच्या पिढ्यांनी एका रक्ताचं करून टाकलं. कार्व्हरनंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याच्या हातची वसाहतीची हकिगत बॉस्टनहून गहाळ झाली होती. ती लंडनच्या बिशपच्या ग्रंथालयात सापडली आणि १८५६ मध्ये छापून आली. तिच्यातल्या प्रवाशांच्या यादीत स्वच्छ लिहिलंय : जॉन टिली, त्याची बायको आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ. बेडफर्डशरमधल्या हेन्लो गावच्या चर्चच्या वहीत तिचा १६०७ चा बाप्तिस्माही आहे. तेव्हा पुस्तक कितीही जाडजूड असो, आधी ते १८५६ च्या आधी छापलंय की नंतर, ते बघा.

प्रश्न : हाउलँडच्या मृत्यूची तारीख ‘२३ फेब्रुवारी १६७२/७३’. हे काय? – ठाणे

उत्तर : आपल्या हिशोबानं १६७३. इंग्रजांच्या वसाहतींत १७५२ च्या आधी वर्ष २५ मार्चला बदलायचं. गुजरातेत दिवाळीला नवं वर्ष, आपल्याकडे चैत्रात, तसंच. तिरकी रेघ जशीच्या तशी उतरवा. एखाद्या जोडप्याचं लग्न एप्रिल १६५० ला आणि मूल फेब्रुवारी १६५० ला दिसलं, तर भुवया उंचावू नका. मूल दहा महिन्यांनी झालंय.

प्रश्न : मृत्युपत्रात ‘सन-इन-लॉ’ आहे, पण मुलीचं लग्नच झालेलं नव्हतं! – नाशिक

उत्तर : सावत्र मुलगा असेल, तेव्हा त्यालाही हाच शब्द चाले. ‘सीनियर-ज्युनियर’ही बापलेकच असतील असं नाही. गावात एका नावाचे दोघे, थोरला-धाकटा, एवढंच. थोरला वारला की धाकटाच ‘सीनियर’ व्हायचा, आणि तुमच्या वहीत एका माणसाचे दोन होतात.