खुर्च्यांची रांग नको, हलव्याचं पातेलं चढवा

प्रश्न : ताई, मी नाशिकरोडला राहते, वय एकसष्ट. आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू. यजमान गेले, मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला स्थायिक आहे. ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, सणावारी जाते. तिथले आम्ही काही एकटे लोक, कुणी विधुर, कुणी लग्नच न केलेले, दर महिन्याला भेटायचं म्हणतोय. पण नातेवाईक ‘वधू-वर मेळावा का?’ म्हणून हसतात. कार्यक्रम कसा ठेवावा? आणि त्यातून कुणाशी सूर जुळलेच, तर या वयात ते शोभेल का?

उत्तर : रविवारच धरा. शब्बाथला, आपल्या विश्रांतीच्या दिवशी, शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत प्रवास नाही, चूल नाही. रविवारी पंचवटी एक्सप्रेस सकाळी ठाण्याला नेते, संध्याकाळी परत आणते. कुणाकडे मुक्कामाचा संकोच नको. रात्रीच्या जेवणाचा बेत ठाणे-मुंबईकरांच्या सोयीचा, तुमच्या नाही, हे पहिल्याच बैठकीत सांगा.

गोल खुर्च्या मांडून ‘आपापला परिचय द्या’ म्हटलंत, तर तो वधू-वर मेळावाच दिसणार. त्यापेक्षा हाताला काम द्या. रोश हशानाच्या, आपल्या नववर्षाच्या, आधीच्या रविवारी चिकाचा हलवा करा. गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध पातेल्यात पडलं की हात थांबवायची सोय नाही, थांबला की तळाला धरलंच. एकाचा दंड भरून आला की दुसऱ्यानं घोटायचं. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात एरवी घुमे असणारे काकासुद्धा त्या पातेल्यापाशी बोलते व्हायचे. पुरुषांना पाहुण्यासारखं बसवू नका, नारळ त्यांच्याकडे द्या. एरवी कधी मलिदा ठेवा : पोहे भिजवायचे, खोबरं, वेलची, फळं चिरायची, मग एलियाहू हनाबीचं, आपल्या एलिया प्रेषिताचं, नाव घ्यायचं. ‘तू बिश्वात’ या झाडांच्या सणाच्या सुमारास अलिबागजवळ सागावला जा, एलियाहू हनाबीच्या रथाची खूण खडकावर उमटली असं आपण मानतो तिथे. वाटेत गप्पा आपोआप होतात.

सिनेगॉगच्या पंचमंडळींनी जागेसाठी कां-कू केली, तर विचारा : मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायची वेळ येते तेव्हा हाकेसरशी कोण येतं? बहुतेक हेच एकटे, निवृत्त लोक. 1879 सालच्या त्या वास्तूत महिन्यातून एक दुपार त्यांच्या हक्काची असायलाच हवी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मला वाटतं तोच तुम्हाला खरा विचारायचा होता. शोभेल, अगदी शोभेल. विधवेनं पुन्हा लग्न करायला आपल्या धर्माची आडकाठी नाही. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहताना ती बंदी आपण शेजारपाजारच्या रीतीतून उचलली. शेजाऱ्यांतही ती रीत आता मागे पडली, मग आपण कशाला जपायची?

मात्र घाई नको. वर्षभर रविवारी भेटत राहा, माणूस रागावतो कसा तेही दिसू द्या. कुणी आवडलंच तर मुलाला तुम्हीच फोन करा, ठाण्याहून एखादी आतेबहीण करायच्या आधी. आणि लग्न झालं, की नाशिकरोडचं घर पुढे कुणाचं, हे वकिलाकडून इच्छापत्रात लिहून घेऊन दोघांच्याही मुलांना दाखवा; लग्नाआधी केलेलं इच्छापत्र आपल्याला लागू असलेल्या कायद्यानं लग्नाबरोबर रद्द होतं.