सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही

प्रश्न : माझी पेट्रोल कार ९ वर्षे वापरात आहे. सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू होते. परंतु लांबचा प्रवास करून १५-२० मिनिटे थांबल्यावर पुन्हा चावी फिरवली, की स्टार्टर जोमाने फिरतो आणि इंजिन मात्र धरत नाही. पाऊण तासाने काहीही न करता ती सुरू होते. बॅटरी आणि चारही प्लग बदलून झाले. आता इंधनपंप बदलावा, असे मेकॅनिकचे म्हणणे आहे, तर धक्का मारून पाहा, असे मित्र सुचवतात. काय करावे?

उत्तर : स्टार्टर जोमाने फिरतो, या तुमच्या एका वाक्यातच बॅटरी निर्दोष ठरते. तिच्यात जोर नसता, तर स्टार्टर रेंगाळला असता किंवा नुसती टकटक ऐकू आली असती. धक्का मारून आपण केवळ स्टार्टरचे काम हाताने करतो आणि ते काम तर तुमच्या गाडीत व्यवस्थित होत आहे. उलट न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधील धूर शुद्ध करणारा भाग) जाऊन तो निकामी होण्याची भीती असते. चार प्लग एकाच वेळी, तेही इंजिन तापल्यावरच, दगा देतील हेही पटण्यासारखे नाही.

तुमच्या पत्रातील खरा दुवा त्या १५-२० मिनिटांत आहे. इंजिन बंद केले, की कूलंटचे फिरणे थांबते, समोरून येणारा वाराही नसतो, त्यामुळे बॉनेटखालील भागांचे तापमान लगेच उतरण्याऐवजी काही काळ चढते. या अवस्थेत हमखास रुसणारा भाग म्हणजे क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो आहे की नाही हे टिपणारा सेन्सर. अनेक गाड्यांत त्याच्या आत अतिशय बारीक तारेचे वेटोळे असते. त्या तारेला कोठे सूक्ष्म तडा गेला असेल, तर उष्णतेने प्रसरण पावून ती तुटक होते आणि निवल्यावर पुन्हा जुळते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेलेली गाडी शहाण्यासारखी सुरू होते आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही.

आता पंपाविषयी. चावी ‘ऑन’ केल्यावर बहुतेक गाड्यांत पंप साधारण २ सेकंद चालतो आणि थांबतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा संकेत या सेन्सरकडून मिळाला, तरच ईसीयू, म्हणजे इंजिन नियंत्रित करणारा संगणक, पंप, ठिणगी आणि इंजेक्टर चालू ठेवते. संकेतच आला नाही, तर स्टार्टर फिरत असतानाही पंप गप्प राहतो, तोच बिघडला असे वाटते आणि एक चांगला पंप भंगारात जातो. माझ्या मते पंपावर नाहक आळ येण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

तेव्हा तपासणी गाडी रुसलेली असतानाच करावी. स्टार्टर न फिरवता चावी ‘ऑन’ करून मागच्या सीटजवळ कान द्यावा. २ सेकंदांची बारीक गुणगुण आली, तर पंप, त्याचा फ्यूज आणि रिले बहुधा ठीक आहेत. मग स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा पाहावा. काटा किंचितही हलला नाही, तर संशय सेन्सरवर जातो. मात्र काही गाड्यांत तो काटा स्टार्टर फिरताना हलतच नाही, म्हणून स्कॅनरवरील (ईसीयूतील माहिती दाखवणारे गॅरेजमधील उपकरण) चालू आकडे पाहणे अधिक खात्रीचे. तेथे स्टार्टर फिरत असताना आरपीएम शून्य दिसला, की प्रकरण जवळजवळ मिटले. पी०३३५ हा या सेन्सरच्या बिघाडाचा कोड ईसीयूत नोंदलेला असेलच असे नाही. तो नाही म्हणून सेन्सरला सोडून देऊ नये.

आरपीएम १५०-२५० च्या आसपास दिसला, तर मात्र इंधनाकडे वळावे. चावी ३ वेळा, दर वेळी काही सेकंद थांबून, ‘ऑन-ऑफ’ करावी आणि मग स्टार्टर मारावा. एवढ्याने गाडी सुरू झाली, तर लाइनमधील दाब थांबल्यावर उतरत आहे. उलट पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर एखादा इंजेक्टर गळत असावा; अशा वेळी अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारल्यास बऱ्याच गाड्यांत इंजेक्टर तात्पुरते बंद होतात आणि सिलिंडर मोकळे होतात. इमोबिलायझरचा (चावी न ओळखल्यास इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीरोधक यंत्रणा) दिवा लुकलुकत नाही ना, हेही जाता जाता पाहावे.

स्टार्टर एका वेळी १० सेकंदांहून अधिक फिरवू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट थांबावे. प्लगची वायर काढून ठिणगी पाहण्याची जुनी रीत मात्र आताच्या गाड्यांत टाळावी; झटका जीवघेणा ठरू शकतो आणि ईसीयूही जाऊ शकते.

सेन्सर बदलायचा ठरल्यास कनेक्टरच्या पिना आणि तेथपर्यंत येणारी वायर आधी तपासून घ्यावी, कारण तापलेल्या इंजिनाला घासून इन्सुलेशन गेलेली वायरही अगदी हीच लक्षणे दाखवते.