चिपळ्या, करताल आणि खडताल

‘करताल म्हणजेच चिपळ्या का, आणि चिपळ्यांना इतर भाषांत काय म्हणतात?’ या प्रश्नाचे उत्तर प्रांतानुसार बदलते.

मराठीत चिपळी हा शब्द स्त्रीलिंगी असून तो बहुधा अनेकवचनीच येतो, कारण एकट्या चिपळीतून ताल निघत नाही. आतून सपाट व बाहेरून फुगीर असे लाकडाचे दोन तुकडे एकाच हातात धरायचे, एकाच्या कडीत अंगठा आणि दुसऱ्याच्या कडीत बोटे घालायची व मूठ उघडझाप करायची, म्हणजे लाकडाच्या टकटकीबरोबर खाचांत बसवलेल्या धातूच्या चकत्याही छुमछुमतात. नारदीय कीर्तनकार आणि दारोदार फिरणारा वासुदेव यांच्या हातात असते ते हेच घनवाद्य, म्हणजे घन पदार्थांचे तुकडे एकमेकांवर आपटून वाजवायचे वाद्य.

‘करताल’ या संस्कृत शब्दाचा अर्थ हातांनी धरलेला ताल एवढाच असल्यामुळे वाद्य कशाचे बनले आहे, याचा त्यातून बोध होत नाही. गुजरातीत करताल म्हणजे चिपळ्यांसारखेच लाकडी वाद्य. नरसी मेहतांच्या चित्रांत ते हमखास दिसते. बंगालीत मात्र करताल म्हणजे पितळी झांजा किंवा टाळ. त्यामुळे बंगाली कीर्तनाच्या वर्णनात ‘खोल-करताल’ (खोल म्हणजे मृदंगासारखे वाद्य) आले, तर मराठीत तेथे ‘चिपळ्या’ लिहिणे सरळसरळ चूक आहे, आणि अनुवादकांनी तेवढी काळजी घ्यायलाच हवी.

पश्चिम राजस्थानातील मांगणियार कलावंतांची खडताल आणखी वेगळी: दोन्ही हातांत लाकडी पट्ट्यांची एकेक जोडी, आणि तिला चकत्या नसतात. बोटांच्या वेगावरच सारी मदार असल्याने तिला ‘चिपळ्या’ म्हणण्यापेक्षा ‘खडताल’ हेच नाव ठेवावे, असे माझे मत आहे.

तेलुगूत चिपळ्यांना ‘चिडतलु’ म्हणतात. ओडिशातील ‘दासकाठिया’ या कथागायनाच्या नावातील ‘काठी’ म्हणजे गायकांच्या हातातील लाकडी तुकडेच होत. तमिळ ‘चप्लाकट्टै’ या नावातील ‘कट्टै’ म्हणजे लाकडाचा तुकडा, तर ‘चप्ला’ मराठी कानाला लगेच ओळखीचा वाटतो. एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनाच्या धर्तीवर तमिळ हरिकथा घडवली आणि साकी, दिंडी, अभंग यांसारखे आपले पद्यप्रकार तेथे रुजले. तमिळ भागवतर, म्हणजे हरिकथा सांगणारे कलावंतही, कथा सांगताना हातात चप्लाकट्टै धरतात.