सांगली-साताऱ्याकडचे साखर कारखाने तोडीला बीडचेच मजूर का आणतात? गावात हात नाहीत का?

हात आहेत, पण ते संध्याकाळी घरी जातात. कारखान्याची अडचण तिथंच आहे. माझे आई-वडील धारूर तालुक्यातून तोडीला तुमच्याच भागात यायचे, मीही फडात वाढलोय, म्हणून जरा आतलं सांगतो.

तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, साखरेचा उतारा घटतो. त्यामुळे गाडी रात्री दोनला आली तरी मोळ्या डोक्यावर घेऊन ती भरायला माणूस जागेवर लागतो. गावचा मजूर सणाला येणार नाही, भावकीतल्या लग्नाला जाईल, आणि दर पटला नाही तर उद्या दुसऱ्याच्या बांधावर दिसेल. पाचटाच्या कोपीत (उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत) राहणारा, आसपास ओळखीचं कोणी नसलेला आणि अंगावर उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे, असलेला माणूस कुठं जाणार? स्वस्त तो आहेच, पण कारखान्याला त्याहून मोलाचं आहे ते त्याचं अडकून असणं.

उचलीचा हिशोब एकदा मांडून बघा. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला 273 चे 366 रुपये झाले. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवसाला दोन टन धरले तर दोघांचे मिळून 732 रुपये, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत. उचल एक लाख असेल तर ती फिटायला 137 दिवस लागतात. हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर 26,800 रुपये बाकी राहते, आणि पुढच्या दसऱ्याला त्याच मुकादमाच्या, म्हणजे उचल देऊन मजुरांची टोळी जमवणाऱ्याच्या, दारात जावं लागतं. ऊस कमी पिकला हा काय मजुराचा दोष? पण बाकी त्याच्याच नावावर. मधल्या काळात खाल्लेलं धान्य, दवाखाना हे मी धरलेलंच नाही.

त्यात खाडा. एक दिवस कामावर नाही तर मजुरी बुडतेच, वर दंडही कापतात. बाईच्या अंगावरून जात असेल, ताप असेल, तरी खाडा. फडात संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही. 2019 मध्ये राज्य सरकारच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. खासगी डॉक्टरांनी भीती घातली, पैसे उकळले, हे खरंच आहे. पण दुखणं अंगावर काढायचं की खाडे मोजायचे, हा पेच दवाखान्यात जाण्याआधीचा आहे. लवकर लावून दिलेल्या लग्नांचंही एक कारण यातच आहे: एकट्या पोराला मुकादम ‘अर्धा कोयता’ म्हणतो आणि उचलही निम्मीच देतो.

आता तुम्ही म्हणाल, कायदा काय करतो? कर्जापोटी माणूस कामाला बांधून ठेवायला 1976 पासून बंदी आहे. किमान वेतनापेक्षा कमी देणं म्हणजे वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये सांगितलंय. पण कारखान्याच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, आमच्या माणसांचं नावच नसतं. करार गाडीमालकाशी किंवा ठेकेदाराशी, त्याच्याखाली मुकादम, मुकादमाखाली टोळी. कारखान्याला विचारलं तर ‘ते आमचे कामगार नाहीत’ हे उत्तर तयार असतं.

मुकादमाला एकट्याला शिव्या घालणं मला पटत नाही. तो बहुतेकदा आमच्याच गावचा, आमच्याच भावकीतला असतो. दोघातिघांकडून उचल घेऊन पळणारे मजूरही आहेत, आणि त्यापायी जमीन विकलेले मुकादम मी पाहिलेत. मात्र मजूर पळाला की वसुलीला तोच मुकादम त्याच्या म्हाताऱ्या बापाच्या अंगणात जाऊन बसतो. कारखान्याला त्यासाठी कुणाला पाठवावं लागत नाही.

मग उचल घेतात कशाला, असं तुम्ही विचाराल. आमच्याकडं बालाघाटाच्या डोंगराळ भागात जमीन मुरमाड, एका पावसाची. पेरणी उसनवारीवर झालेली असते, पोरीचं लग्न किंवा दवाखाना डोक्यावर असतो. बँक सातबारा मागते, जामीन मागते. मुकादम अंगठ्यावर, नाहीतर कोऱ्या स्टँपवर सही घेऊन त्याच दिवशी रोख हातात ठेवतो.