थेरपी सुरू असताना योग केला तर चालेल का? आधी कोणतं करावं?

तुम्ही लिहिलंय की चार महिने थेरपी सुरू आहे आणि घरचे म्हणतात, 'त्यापेक्षा योग कर'. दोन्ही चालेल का? चालेल. पण ते 'त्यापेक्षा' वाचलं आणि मला माझी आत्या आठवली. त्यामुळे आता थोडं ऐकून घ्या.

२०१६ साली सिंहगड रोडच्या सिग्नलला, स्कूटरवर, मला पहिला पॅनिक अटॅक आला. छातीत धडधड, हातापायाला मुंग्या आणि डोक्यात एकच विचार: मी इथे मरणार आणि मागचे हॉर्न वाजवतच राहणार. ईसीजी नॉर्मल. सायकियाट्रिस्टनी गोळ्या दिल्या, शिवाय थेरपिस्टकडे पाठवलं.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आत्याचा सकाळी सहाचा योगवर्ग. वीस वर्षं चालवतेय, फी घेत नाही, त्यामुळे तिला कोणी काही बोलू शकत नाही. तिने फर्मान काढलं, "उद्यापासून सतरंजी घेऊन ये. आमच्या वेळी नव्हते असले आजार."

तिसऱ्या दिवशी कपालभाती. आत्या टाळीवर ठोके देते आणि टाळीचा वेग वाढतच जातो. दीडेक मिनिटात ओठ बधिर, बोटं वाकडी व्हायला लागली, समोरची भिंत लांब गेली. मी अनवाणी बाहेर पळाले. आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "विष बाहेर पडतंय, पडू दे." मग घरी येऊन आईला, "वहिनी, हे सगळं त्या गोळ्यांमुळे. बंद करा." आणि मी, एम.कॉम. झालेली, बँकेत नोकरी करणारी बाई, खरंच बंद केल्या. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. कॅश काउंटरला नोटा मोजता येईनात.

थेरपिस्टला हे सांगायची लाज वाटत होती. त्या रागावल्या नाहीत. आधी समोर बसवून सायकियाट्रिस्टना फोन करायला लावला, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. पुढच्या सेशनला म्हणाल्या, "खुर्चीत बसून एक मिनिट भराभर श्वास घ्या." मला वाटलं, ह्या पण आत्याच्या पार्टीतल्या! पण केलं. चाळीस सेकंदांत त्याच मुंग्या, तीच गरगर. मग त्यांनी सांगितलं, की असा श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याने हे होतं. हार्ट अटॅक नाही, विषही नाही. सात-आठ सेशन आम्ही हेच केलं. मुंग्या यायच्या, भीती यायची बंद झाली. श्वास वर्गात होता तोच. फक्त तो काय करतोय हे तिथे कोणी सांगितलं नव्हतं.

योग मी सोडला नाही, वर्ग बदलला. नव्या बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, त्रास काय, गोळ्या कुठल्या. मला फक्त लांब उच्छ्वास, भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा), उभ्याने करायची आसनं, आणि शवासन डोळे उघडे ठेवून. थेरपीच्या वहीत विचार लिहून काढले की मला पटायचं, मी मरत नाहीये. खांद्यांना पटायचं नाही, ते कानापाशी चढलेलेच. ते उतरवायचं काम योगाने केलं.

आत्या ज्या पतंजलींची शपथ घेते, त्यांच्या योगसूत्रांच्या पहिल्याच पादातल्या (म्हणजे भागातल्या) ३१व्या सूत्रात दुःख, दौर्मनस्य म्हणजे मनाची खिन्नता, अंगाचा कंप आणि श्वास-प्रश्वास एका ओळीत बसवलेत. म्हणजे 'असले आजार' तिच्या वेळीच काय, त्यांच्याही वेळी होते. आणि लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढणाऱ्या कुवलयानंदांनी तर योगक्रिया क्ष-किरणाखाली धरून तपासल्या. तपासून बघणं ही योगाचीच परंपरा आहे, आत्ये.

अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, आघातानंतरचा त्रास उपचारांनी न हटलेल्या ६४ बायकांवर, दहा आठवड्यांचा. योग करणाऱ्यांत निम्म्याहून थोड्या जास्त जणी त्या निदानातून बाहेर आल्या, योग न करणाऱ्या दुसऱ्या गटात साधारण पाचवा हिस्सा. पण तिथेही योग जोडीला होता, 'त्यापेक्षा' नव्हता.

तर तुमचं. थेरपी चालूच आहे, ती चालू ठेवा, योग हळू सुरू करा. दोघांनाही एकमेकांबद्दल सांगा. योगशिक्षक गोळ्यांबद्दल बोलायला लागला तर सतरंजी गुंडाळा. थेरपिस्ट योगाला हसला तर त्यालाही दोन प्रश्न विचारा.

हे राहिलंच: कपालभाती वाईट आहे असं मी म्हणत नाही, पॅनिकवाल्याने टाळीवर करू नये एवढंच. बायपोलर किंवा भास-भ्रमाचा इतिहास असेल तर दीर्घ ध्यानशिबिराला जाण्याआधी सायकियाट्रिस्टना विचारा. आणि जीव द्यावासा वाटत असेल तर हे काहीच वाचत बसू नका, टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, १४४१६, मराठीत बोलतात.

आत्या आता ७८ वर्षांची. परवा एका लग्नात माझ्याकडे बोट दाखवून विहीणबाईंना सांगत होती, "ही माझ्याच वर्गातली. तिसऱ्या दिवशी गुण आला." माझ्या तोंडात जिलबी होती.